झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर : भाषेचा आग्रह आणि भाषेचा हक्क

झाशीहून कानपूरकडे जाणारा रस्ता आणि त्याच्या सोबतीने धावणारा लोहमार्ग यांवर सुमारे 50 किलोमीटर अंतरावर मोठ नावाचे तहसिलीचे गाव आहे. याच तहसिलीत, मोठच्या अलीकडे चिरगाव लागते. हिंदीचे राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म 1886 मध्ये चिरगावी झाला आणि खडी बोलीतील आधुनिक हिंदी कवितेला त्यांच्या लेखणीने स्थैर्य दिले. मात्र मोठच्या बाजारात आणि चिरगावच्या घराघरांत बोलली जाते ती बुंदेली. शाळेत व कचेरीत हिंदी आणि घरात बुंदेली, अशी तेथील सामान्य माणसाची दुहेरी भाषिक राहणी आहे. या प्रदेशात आणखी एक भाषा दोन शतकांहून अधिक काळ नांदत आली. ती म्हणजे मराठी. झाशीच्या एका मराठी घराण्यात जन्मलेल्या गृहस्थाने भारताच्या संविधान सभेत हिंदीचा सर्वांत प्रखर आग्रह धरला, ही घटना म्हणूनच विचार करावयास लावणारी आहे. त्यांचे नाव रघुनाथ विनायक धुळेकर.

बुंदेलखंडात मराठी माणूस पोहोचला तो पहिल्या बाजीरावाच्या काळात. मोहम्मदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने महाराज छत्रसाल यांना सोडविले आणि छत्रसालांनी आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. त्यामागोमाग कारभारी, शिलेदार, भिक्षुक, वैद्य आणि कारकून आले. सागर, जालौन, काल्पी व बांदा येथे मराठी अंमल बसला. गुरसराय येथे मराठी जहागीर नांदली. झाशीत आधी नारोशंकर व पुढे नेवाळकर घराणे आले. झाशीच्या गणेशमंदिरात राणी लक्ष्मीबाईंचे लग्न लागले, असे तेथील परंपरा सांगते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात त्या काळच्या झाशीतील मराठी घरे, त्यांचे सणवार आणि 1858 च्या एप्रिलमधील नगराचा विध्वंस डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यानंतर मराठी ही झाशीच्या राजवाड्याची भाषा राहिली नाही. जी घरे टिकली, त्यांनी ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि पत्रव्यवहारात जपली. शंभर वर्षांच्या आत राज्यकर्त्यांची भाषा अल्पसंख्याकांची भाषा झाली.

अशा झाशीत 6 जानेवारी 1891 रोजी धुळेकरांचा जन्म झाला. आडनाव खानदेशातील धुळ्याची आठवण करून देणारे. परंतु हिंदीच्या प्रचलित लेखनात ‘ळ’ हे अक्षर नाही, त्यामुळे उत्तरेतील कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांत त्यांचे नाव ‘धुलेकर’ असेच छापले गेले. आजही हिंदी ग्रंथांत ते तसेच आढळते. परप्रांती स्थिरावलेल्या अनेक मराठी घराण्यांच्या नावांतील हे अक्षर असेच नकळत गळून पडले. त्याबद्दल कोणी गाऱ्हाणे केल्याचे ऐकिवात नाही. लहान समाज मोठ्या समाजात मिसळतो, तेव्हा अशा बारीकसारीक गोष्टी सोडीतच मिसळतो.

कलकत्ता व अलाहाबाद येथे शिक्षण घेऊन धुळेकरांनी कायद्याची पदवी मिळविली आणि झाशीत वकिली सुरू केली. तो काळ असहकाराच्या उंबरठ्यावरचा होता. गांधीजींच्या चळवळीने उत्तरेतील लहान शहरांतील वकीलवर्गाला सार्वजनिक जीवनात ओढून घेतले होते आणि झाशीत त्या पिढीचे अग्रणी म्हणून धुळेकर पुढे आले. त्यांनी वृत्तपत्रे चालविली, सभा गाजविल्या, काँग्रेसचे संघटन उभारले आणि त्यापायी तुरुंगवासही सोसला. 1937 च्या निवडणुकीत ते संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. 1946 मध्ये संविधान सभेची रचना झाली, तेव्हा प्रांतिक विधानसभेने पाठविलेल्या सदस्यांत झाशीच्या धुळेकरांचा समावेश होता.

त्यांच्या हिंदीप्रेमाचे मूळ समजून घेतल्याशिवाय पुढील प्रसंगांचा अर्थ नीट लागत नाही. उत्तरेतील मराठी माणसाने हिंदी परकी मानली नाही. उलट तिच्या उभारणीत त्याने मोठा वाटा उचलला. माधवराव सप्रे यांनी लोकमान्यांचा ‘केसरी’ हिंदीत नेला. काशीत जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांनी ‘आज’ या दैनिकाच्या संपादनाने हिंदी पत्रकारितेला वळण लावले. पुढच्या पिढीत गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी व कादंबरीकार म्हणून मान्यता पावले. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले. स्वतः लोकमान्य टिळकांनी 1905 मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत सर्व देशासाठी देवनागरी या समान लिपीचा पुरस्कार केला होता. लिपी एक, संस्कृत शब्दभांडार एक आणि संतांची परंपराही एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे मराठी माणसाला हिंदीचा स्वीकार म्हणजे स्वत्वाचा त्याग वाटत नसे. धुळेकर याच परंपरेतले होते. इंग्रजी ही त्यांच्या दृष्टीने गुलामीची खूण होती आणि ती पुसून टाकण्याचे साधन म्हणजे हिंदी, अशी त्यांची सरळ श्रद्धा होती.

संविधान सभेचे पहिले अधिवेशन 9 डिसेंबर 1946 रोजी दिल्लीत सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी, 10 डिसेंबरला, कामकाजाचे नियम ठरविणाऱ्या समितीबाबतचा आचार्य कृपलानी यांचा ठराव चर्चेस आला. डॉ. सच्चिदानंद सिन्हा हंगामी अध्यक्ष होते. धुळेकर उठले आणि हिंदुस्थानीत बोलू लागले. नियम इंग्रजीत न करता हिंदुस्थानीत करावेत, अशी दुरुस्ती त्यांना मांडावयाची होती. अमेरिका, जपान, जर्मनी आणि ब्रिटिश पार्लमेंट यांचे दाखले ऐकून आपले डोके दुखू लागले आहे, भारतीय माणसे आपल्या भाषेत का बोलत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. सभागृहातील अनेकांना ती भाषा कळत नाही, याकडे अध्यक्षांनी लक्ष वेधले. त्यावर धुळेकरांनी जे उत्तर दिले, त्याने सभागृह हादरले. ज्यांना हिंदुस्थानी येत नाही, त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही आणि अशा सदस्यांनी ही सभा सोडून जावे, असा त्याचा आशय होता.

एकच गोंधळ उडाला. अध्यक्षांनी दुरुस्ती मांडण्यास परवानगी नाकारली, तरी धुळेकर थांबेनात. अखेर पंडित नेहरूंनी व्यासपीठाजवळ जाऊन त्यांची समजूत घातली व त्यांना जागेवर बसविले. ही झाशीतील जाहीर सभा नव्हे, याची जाणीव नेहरूंनी करून दिली. प्रसंग काही मिनिटांचा होता, पण संविधान सभेच्या इतिहासात तो कायमचा नोंदला गेला. धुळेकरांचे नाव आज देशभर ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांना ते याच एका प्रसंगामुळे ठाऊक आहे. एका दीर्घ सार्वजनिक आयुष्यावर हा थोडा अन्यायच आहे. मात्र त्या दिवशी ओठांवर आलेला विचार क्षणिक नव्हता, हेही मान्य करावे लागते. देशात राहण्याचा हक्क आणि एखाद्या भाषेचे ज्ञान यांची सांगड घालणे हे संविधानाच्या मुळावर येणारे होते. नागरिकत्व भाषेवर अवलंबून ठेवले, तर तामिळ शेतकऱ्यालाच नव्हे, तर मराठी, बंगाली किंवा गोंड माणसालाही आपल्याच देशात परवाना मागावा लागला असता.

या प्रश्नाची दुसरी बाजू दोन वर्षांनी पुढे आली. नोव्हेंबर 1948 मध्ये मद्रासचे टी. टी. कृष्णमाचारी यांनी उत्तरेतील सहकाऱ्यांना बजावले की, अखंड भारत हवा की केवळ हिंदीचा भारत हवा, याची निवड त्यांनाच करावयाची आहे. दक्षिणेत उमटू लागलेली अस्वस्थता त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली होती. त्यानंतर महिनाभराने, 8 डिसेंबर 1948 रोजी, भाषा, लिपी व संस्कृती यांच्या जतनाचा हक्क देणाऱ्या मसुद्यातील अनुच्छेदावर चर्चा झाली. हाच पुढे संविधानाचा अनुच्छेद 29 झाला. या अनुच्छेदातील संरक्षण नेमके कोणासाठी आहे, हे सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक उदाहरण घेतले. महाराष्ट्रातील काही लोक बंगालमध्ये जाऊन स्थायिक झाले, तर रूढ राजकीय अर्थाने ते अल्पसंख्याक ठरणार नाहीत, परंतु भाषा आणि संस्कृती यांच्या दृष्टीने ते तेथे अल्पसंख्याकच असतील आणि त्यांना हे संरक्षण मिळेल, असा त्यांचा खुलासा होता. म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांच्या मूलभूत हक्काचे उदाहरण म्हणून संविधानाच्या शिल्पकाराच्या मुखी आला तो परप्रांती राहणारा मराठी माणूस. बंगालच्या जागी बुंदेलखंड ठेवले, की ते उदाहरण थेट धुळेकरांच्या झाशीला लागू पडते.

भाषेच्या प्रश्नाची निर्णायक चर्चा सप्टेंबर 1949 मध्ये झाली. 12 ते 14 सप्टेंबर या तीन दिवसांत सभागृह कमालीचे तापले होते. गोपालस्वामी अय्यंगार आणि कन्हैयालाल मुनशी यांच्या नावाने ओळखला जाणारा तडजोडीचा मसुदा समोर होता. देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर चालू आणि अंक मात्र आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे, अशी ती तडजोड होती. धुळेकरांना ती अपुरी वाटत होती. 1946 मध्ये ते हिंदुस्थानीसाठी भांडले होते. फाळणीनंतर सभागृहाचे वारे बदलले आणि आता त्यांच्या तोंडी हिंदी हा शब्द होता. हिंदी ही केवळ राजभाषा नसून राष्ट्रभाषा आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. कोणी हिंदीला सवलत देत नसून इतिहासाची एक प्रक्रिया पूर्णत्वास जात आहे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. त्यासाठी त्यांनी समर्थ रामदासांनी हिंदीत रचना केल्याचा आणि गुजराती असूनही स्वामी दयानंदांनी हिंदीत लिहिल्याचा दाखला दिला. स्वराज्यातही विद्यापीठे व शास्त्रज्ञ इंग्रजीतच व्यवहार करीत राहिले, तर मेकॉलेचे भूत आपल्याला हसेल, असा टोलाही त्यांनी मारला.

त्याच चर्चेत महाराष्ट्राचा दुसरा स्वर उमटला. शंकरराव देव हे निष्ठावंत गांधीवादी आणि काँग्रेसचे ज्येष्ठ कार्यकर्ते होते. संघराज्याच्या व्यवहारासाठी एक समान भाषा असावी, हे त्यांना मान्य होते. परंतु राष्ट्रभाषा या शब्दाचा अर्थ साऱ्या देशासाठी एकच भाषा असा होणार असेल, तर आपण त्याविरुद्ध आहोत, असे त्यांनी सांगितले. एक संस्कृतीच्या घोषणेत त्यांना धोका दिसत होता. धुळेकर आणि देव या दोघांचेही देशप्रेम वादातीत होते. एकाची मराठी हिंदीच्या मध्यभागी वाढली होती, दुसऱ्याची महाराष्ट्राच्या मातीत. बहुसंख्य भाषेशी ज्याचा नित्याचा स्नेह आहे त्याला तिची भीती वाटत नाही, आणि जो दूर आहे त्याला तिच्या वर्चस्वाचा वास आधी येतो. दोघांच्या भूमिकांतील अंतर काही अंशी तरी या भूगोलाने घडविलेले होते.

या गदारोळात ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण होता, त्यांच्यासाठी 14 सप्टेंबर 1949 रोजी जयपालसिंग मुंडा उभे राहिले. भाषांच्या अनुसूचीत मुंडारी, गोंडी आणि उराँव या आदिवासी भाषांचा समावेश करावा, अशी त्यांची मागणी होती. या भाषा बोलणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात आहे आणि त्या या भूमीतील प्राचीन भाषांपैकी आहेत, हा त्यांचा आधार होता. ती मागणी मान्य झाली नाही. आठव्या अनुसूचीत आरंभी 14 भाषा आल्या, त्यांत एकही आदिवासी भाषा नव्हती. संथाळी व बोडो यांना त्यासाठी 2003 च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागली. आज अनुसूचीत 22 भाषा आहेत. महाराष्ट्राच्या गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत बोलली जाणारी गोंडी मात्र अजूनही त्या यादीबाहेर आहे.

झाशीच्या परिसरातही असा एक मूक समाज होता. सहरिया हे तेथील जंगलपट्टीत राहणारे आदिवासी. धुळेकरांच्या सार्वजनिक जीवनाच्या काळात ललितपूर हा झाशी जिल्ह्याचाच भाग होता आणि ललितपूरच्या रानात सहरियांची मोठी वस्ती होती. शेजारच्या मध्य प्रदेशात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. उत्तर प्रदेशात 1967 पर्यंत एकही जमात अनुसूचित नव्हती आणि त्या वर्षीच्या आदेशात पाच जमाती आल्या, त्यांतही सहरिया नव्हते. ललितपूरच्या सहरियांना हा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये, तोही त्या एका जिल्ह्यापुरता. झाशी जिल्ह्यातील सहरिया त्यातून सुटले. राज्याची किंवा जिल्ह्याची सीमा ओलांडली की त्याच माणसाचा घटनात्मक हक्क बदलतो, हे बुंदेलखंडात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

संविधानात अखेर जे लिहिले गेले, त्यात धुळेकरांचा आग्रह निम्माच उतरला. अनुच्छेद 343 ने हिंदीला संघराज्याची राजभाषा केले, पण राष्ट्रभाषा हा शब्द संविधानाने कोणत्याच भाषेसाठी वापरला नाही. अनुच्छेद 351 ने हिंदीच्या विकासाचे कर्तव्य केंद्रावर टाकले, पण त्यासाठी अनुसूचीतील इतर भाषांची रूपे व शैली आत्मसात करण्याची अपेक्षाही ठेवली. त्याच संविधानात अनुच्छेद 29 ने नागरिकांच्या प्रत्येक गटाला आपली वेगळी भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आणि अनुच्छेद 30 ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. अनुच्छेद 350 प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. 1946 मध्ये ज्या भाषा न येणाऱ्यांना बाहेर जाण्यास सांगितले गेले होते, त्यांच्यासाठी सरकारचे दार असे उघडे ठेवले गेले.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत धुळेकर झाशी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी चिरगावचे मैथिलीशरण गुप्त राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. ज्या संसदेत हे दोघे होते, त्याच संसदेने 1956 मध्ये सातवी घटनादुरुस्ती संमत केली. भाषावार राज्यरचनेची ही दुरुस्ती होती. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने एक गोष्ट ओळखली होती. सीमा कशाही आखल्या, तरी प्रत्येक राज्यात दुसरी भाषा बोलणारे लोक उरणारच. म्हणून या दुरुस्तीने दोन नवे अनुच्छेद घातले. 350-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावयाचा आहे आणि त्यासाठी राष्ट्रपती निर्देश देऊ शकतात. 350-ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची पाहणी करण्यासाठी एक विशेष अधिकारी नेमावयाचा आहे. 1957 मध्ये हे आयुक्तालय सुरू झाले, ते अलाहाबादेत. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बिधुभूषण मलिक हे पहिले आयुक्त झाले. धुळेकर ज्या शहरात कायदा शिकले, त्याच शहरातून भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांवर देखरेख सुरू झाली. पुढे या कार्यालयाचे एक विभागीय केंद्र बेळगावातही उघडले, यावरून सीमाभागातील मराठी मुलांच्या शिक्षणाशी या तरतुदींचा संबंध किती निकटचा आहे, ते लक्षात येते.

लोकसभेची मुदत संपल्यानंतर, 1958 मध्ये, धुळेकर उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1964 पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. बारा वर्षांपूर्वी ज्यांना हंगामी अध्यक्षांनी वारंवार थांबण्यास सांगितले होते, तेच आता सभागृहातील इतरांना नियमांची आठवण करून देण्याच्या आसनावर बसले. त्या सभागृहाचे कामकाज हिंदीत चाले. त्यांच्या प्रांतापुरते त्यांचे स्वप्न साकार झाले होते. देशाच्या पातळीवर मात्र ते झाले नाही. पंधरा वर्षांची मुदत 26 जानेवारी 1965 रोजी संपत होती. तत्पूर्वी 1963 च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीचा वापर पुढेही चालू ठेवण्याची तरतूद केली, आणि तरीही 1965 च्या आरंभी मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. सक्तीची नुसती शंका आली, तरी एखादी भाषा किती अप्रिय होऊ शकते, हे साऱ्या देशाने पाहिले. हिंदी पसरली ती पुढे चित्रपटांनी, रेल्वेने, व्यापाराने आणि स्थलांतराने, म्हणजेच लोकांच्या गरजेने.

1980 मध्ये धुळेकरांचे निधन झाले. संविधान आपल्या भाषेत असावे, ही त्यांची मूळ तळमळ त्यांच्या पश्चात एका अर्थाने पूर्ण झाली. 1950 मध्ये हिंदी अनुवाद तयार झाला होता, पण त्याला अधिकृत पाठाचे स्थान नव्हते. 1987 च्या अठ्ठावन्नाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 394-क आला आणि संविधानाच्या हिंदी पाठाला ते स्थान मिळाले. हा विजय कोणालाही देशाबाहेर न काढता मिळाला, हे विशेष.

धुळेकरांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांच्या मागणीतील न्याय्य भाग आधी मान्य केला पाहिजे. सामान्य माणसाला न कळणाऱ्या भाषेत त्याचा कायदा लिहिला जाऊ नये, ही भावना लोकशाहीची आहे. मोठच्या तहसील कचेरीत आलेल्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कागद वाचता यावा, म्हणून हिंदी हवी होती आणि ती आली, हे चांगलेच झाले. चूक होती ती पुढच्या पायरीत. स्वतःच्या भाषेचा हक्क मागताना दुसऱ्याच्या भाषेचा हक्क त्यांना दिसेनासा झाला. त्याच मोठच्या शेतकऱ्याची बुंदेली जनगणनेत हिंदीखालीच मोजली जाते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 56 लाख लोकांनी बुंदेली ही मातृभाषा नोंदविली, तरीही आठव्या अनुसूचीत ती स्वतंत्रपणे नाही. बहुसंख्याकांच्या भाषेच्या पोटातही अशा लहान भाषा असतात. मोठ्या भाषेचा आग्रह धरणाऱ्याच्या घरातही एखादी लहान भाषा असू शकते. धुळेकरांच्या बाबतीत ती मराठी होती. तिचे झाशीतील रक्षण त्यांच्या घोषणेने झाले नसते. ते करू शकत होते अनुच्छेद 29 आणि 30. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा मूळ आग्रह मान्य केला नाही, त्यातच त्यांच्या स्वतःच्या समाजाचे हित होते.

न्यायालयांनी पुढे या तरतुदींचा अर्थ अधिक स्पष्ट केला. 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले की, अल्पसंख्याक कोण, हे राज्याची लोकसंख्या पाहून ठरवावयाचे. त्यामुळे मराठी माणूस महाराष्ट्रात बहुसंख्य आहे, पण झाशीत, इंदुरात, बडोद्यात किंवा बेळगावात भाषिक अल्पसंख्याक आहे. त्याच न्यायाने महाराष्ट्रातील गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी व हिंदी भाषक येथे अल्पसंख्याक आहेत आणि त्यांच्या शाळांना तोच हक्क आहे. परप्रांतात जो हक्क आपण मागतो, तो आपल्या प्रांतात दुसऱ्याला देणे हे ओघानेच आले. 2014 मध्ये कर्नाटकातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. 350-क हा अनुच्छेद राज्याला मातृभाषेच्या शिक्षणाची सोय करावयास सांगतो, मातृभाषेतूनच शिका अशी सक्ती करण्याचा अधिकार देत नाही. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडणे हे मुलाच्या वतीने पालकांच्या हाती आहे.

येथे धुळेकरांची कथा मराठी माध्यमाच्या शाळेपाशी येऊन पोहोचते. संविधानाने मातृभाषेच्या शाळेला दार दिले आणि त्या दाराला कोणी बाहेरून कडी लावू नये, याची तजवीज केली. त्या दारातून मुलाला आत पाठविणे मात्र कोणत्याही अनुच्छेदाने साधत नाही. साठ वर्षे एखादी मराठी शाळा चालते, तेव्हा तिच्यामागे दरवर्षी जून महिन्यात आपल्या मुलाचे बोट धरून आलेल्या शेकडो आईबापांचा निर्णय असतो. शेजारी इंग्रजी शाळेची बस उभी असताना घेतलेला तो निर्णय असतो. भाषेचा हक्क कागदावरून उतरून जिवंत होतो तो त्या घटकेला. सक्तीने हिंदी देशभर नेता आली नाही आणि सक्तीने मराठीही टिकणार नाही. घरात बोलली गेली, शाळेत शिकविली गेली आणि पुढच्या पिढीला अभिमानाने सोपविली गेली, तरच ती टिकेल.

झाशीच्या जुन्या वस्तीतील मराठी घरे आता थोडी उरली आहेत. त्या घरांतील मुले शाळेत हिंदी वाचतात, वाटेत बुंदेली ऐकतात आणि आजी जवळ असली तर मराठीत बोलतात. या तिन्ही भाषा एका मुलाच्या ओठांवर सुखाने नांदू शकतात, हे झाशीने, मोठने आणि साऱ्या बुंदेलखंडाने पिढ्यान्‌पिढ्या दाखविले आहे. रघुनाथ विनायक धुळेकर हे त्याच भूमीचे निर्भय, तळमळीचे आणि एका बाबतीत चुकलेले सुपुत्र होते. त्यांच्या निर्भयतेचे स्मरण ठेवावे, तळमळीचा आदर करावा आणि त्यांच्या चुकीपासून शिकावे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने त्यांचे नाव लिहिताना त्यातील ‘ळ’ तेवढा जागच्या जागी लिहावा.